जुनं स्टेरिंग परत कोणी बसवलं?

१

रविवारी सकाळी बेंगळूरूच्या रेल्वेतून उतरून बिदरला घरी आलेल्या डॉक्टर राजपाल यांनी चहासुद्धा घेतला नाही. बॅग ओट्यावर टाकली, शेडचं शटर वर केलं, आपल्या निळ्या स्पोर्ट्‌स कारवरचं कापड बाजूला ओढलं आणि काचेतून आत पाहिलं. मग कापडाचं टोक हातात धरून ते तसेच उभे राहिले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी गाडीला नवं स्टेरिंग बसवून घेतलं होतं. खालून सपाट, मूळच्यापेक्षा थोडं लहान, वर मखमलीसारखं राखाडी कातडं. ते बसवलं आणि त्याच रात्री त्यांना हाडांच्या डॉक्टरांच्या परिषदेला जावं लागलं. परिषद रविवारपर्यंत होती आणि ते सोमवारी संध्याकाळी परतणार होते. शेवटच्या दिवसाची भाषणं सोडून ते लवकर परतले, ते खरं म्हणजे या स्टेरिंगसाठी.

आणि ते गाडीत नव्हतं. त्याच्या जागी जुनं, काळं, गोल स्टेरिंग होतं.

शटर फोडलेलं नव्हतं. काच शाबूत होती. डॉक्टरांचा उन्हाचा चष्मा आणि गाणी ऐकायचं मशीन जागच्या जागी होतं. चोराने नवं स्टेरिंग नेलं होतं आणि जाण्याआधी जुनं नीट बसवून, आवळून, गाडीवर कापड पांघरून ठेवलं होतं.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आम्ही भालकीत जेवणाच्या टेबलावर नाष्टा करत होतो. माझी बायको विजयश्री विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या आणि चोरीच्या गाड्यांची पाहणी करते. मी किरणकुमार, इथल्या मराठी शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी तिची गाडी चालवतो. तिला चालवता येत नाही असं नाही. चालवताना विचार करता येत नाही, असं तिचं म्हणणं. मागे तिचा हात मोडला होता तेव्हा डॉक्टर राजपाल यांनीच तो जोडला. तेव्हापासूनची ओळख.

"मॅडम, क्लेमचं मागून बघू," फोनवर डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी पोलीस स्टेशनला जायलोय. नाव मंजुनाथचं देणार हाय. स्टेरिंग त्यानंच बसवलं, काढायची अक्कल बी त्यालाच. आई-अप्पांना अजून सांगितलं न्हाई त्याचं नाव. अप्पांचा लई जीव हाय त्याच्यावर."

विजयश्रीने हातातला घास ताटात ठेवला. मंजुनाथ तिच्या गावचा, खटकचिंचोळीचा. बिदरला कमठाण्याच्या रस्त्यावर त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. लोक आपल्या गाड्या किल्लीसकट त्याच्याकडे सोडून गावाला जात. तेवढ्या विश्वासावरच ते दुकान उभं होतं.

"संध्याकाळपर्यंत कुणाचंच नाव देऊ नका, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि गाडीला हात लावू नका. आम्ही निघालोच."

२

डॉक्टरांचं घर उदगीर रोडला, मागे लाल मुरमाचं मोकळं मैदान. आम्ही पोचलो तेव्हा हवाई दलाचं शिकाऊ विमान घराच्या डोक्यावरून गोल घेत होतं. बिदरमध्ये त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

विजयश्री गाडीभोवती सावकाश फिरली. मागच्या काचेपाशी थांबून तिने बोट फिरवलं.

"इथं काय चिकटवलं होतं?"

"काय न्हाई. पहिल्या मालकाचं काहीतरी असंल," डॉक्टर म्हणाले. "हैदराबादेतून जुनीच घेतली मी."

मीही वाकून पाहिलं. चिकटपट्टीचा माग होता, आणि त्यावर धूळ बसलेली नव्हती. तेवढं माझ्याही लक्षात आलं.

तिने दार उघडलं. आतून एक वास आला, कापूर आणि तिळाच्या तेलासारखा.

"दवाखान्याचा वास हाय," डॉक्टर हसून म्हणाले. "माझ्याकडं येणारे अर्धे लोक गुडघ्याला तेल चोपडूनच येतात. किती सांगा, ऐकत न्हाईत. माझ्या कपड्यांना बी बसतो तो वास."

"हे स्टेरिंग तुमचंच जुनं का? नक्की?"

त्यांनी डाव्या बाजूची एक जागा दाखवली. घड्याळाच्या पट्ट्याने घासून तिथलं कातडं गुळगुळीत झालं होतं. "माझंच. नवं बसवल्यावर हे मंजुनाथच्या दुकानातच ठेवून आलो होतो. घरात जागा बघतो आणि नेतो म्हणलं होतं."

"बसा बरं आत."

डॉक्टर उंच. ते बसायला गेले आणि त्यांचे गुडघे वर स्टेरिंगला टेकले. त्यांनी चमकून खाली पाहिलं. सीट पार पुढे सरकवलेली होती. पलीकडची, चालकाच्या शेजारची सीट मात्र जाईल तितकी मागे ढकललेली होती.

"गुरुवारी अशी होती?"

"न्हाई. मीच चालवत आणली मंजुनाथकडून. माझ्या मापानं होती."

तिने किल्ली फिरवून रेडिओ लावला. नुसती खरखर आली. तिने एकामागून एक बटणं दाबली, सगळीकडे खरखरच.

"असं कसं?" डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी नवं स्टेरिंग बसवताना मंजुनाथनं बॅटरीची वायर काढली होती, तेव्हा सगळी स्टेशनं पुसली गेली. पण घरी आल्यावर मी परत लावली ना. पहिल्या बटणाला कलबुर्गी आकाशवाणी."

"बॅटरी कामून काढावी लागती?" मी विचारलं.

उत्तर विजयश्रीने दिलं. स्टेरिंगच्या पोटात एअरबॅग असते. वीज चालू ठेवून कुणी तिथे पाना घातला तर ती तोंडावर फुटू शकते. म्हणून जाणता माणूस आधी बॅटरी सोडवतो, थोडा वेळ थांबतो, मगच हात घालतो.

"म्हणजे गुरुवारनंतर बॅटरी परत एकदा काढली गेली," ती म्हणाली. "घाई करणाऱ्याचं हे काम न्हाई."

"तेच तर म्हणायलोय मी," डॉक्टर म्हणाले. "मंजुनाथ."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मंगल हातात फोन घेऊन शेडमध्ये आल्या. दवाखान्यातलं औषधांचं दुकान त्या सांभाळतात. बुटक्या, चटपटीत बाई. त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला.

"हे बघा. पंचाक्षरींनी काल टाकलंय."

फोटोत डॉक्टरांच्या गाडीसारखीच एक गाडी होती, पांढरी. आत पंचाक्षरी नावाचा त्यांचा कलबुर्गीचा मित्र हसत बसला होता आणि त्याचे दोन्ही हात एका राखाडी, खालून सपाट स्टेरिंगवर होते.

३

"हाच," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी मी फोटो पाठवला तर म्हणाला, हे तर माझ्याच गाडीला शोभंल, घेऊन जातो बघ एक दिवस."

विजयश्रीने त्यांच्याच फोनवरून पंचाक्षरीला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे बांधकामाच्या जागेवरचा गोंगाट होता. पंचाक्षरी कंत्राटदार. घरी कन्नड, मित्रांत मराठी आणि मजुरांशी दखनी उर्दू, असा त्याचा कारभार.

"अण्णा, स्टेरिंग फार सुंदर आहे. दाखवा ना जरा जवळून," ती म्हणाली.

तो खूश होऊन गाडीत जाऊन बसला. स्टेरिंगच्या माथ्यावर एक तांबडी पट्टी होती. डॉक्टरांच्या स्टेरिंगला ती नव्हती.

"राजपालचं बघून राहवलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "कालच हैदराबादला जाऊन घेतलं. त्याच्यावर पट्टी नाही, माझ्यावर आहे. सांगा त्याला, आता तो मागं पडला."

फोन ठेवल्यावर डॉक्टर थोडे ओशाळले. विजयश्री म्हणाली, "पट्टी नसती तरी मी त्यांना सोडलंच असतं. पंचाक्षरींनी चोरलं असतं तर तुमचं जुनं स्टेरिंग त्यांनी कुठून आणलं असतं? ते मंजुनाथच्या दुकानात होतं."

"म्हणजे फिरून मंजुनाथच."

 मंगलताईंना घेऊन विजयश्री स्वयंपाकघरात गेली. मीही मागे गेलो.

"मला ते स्टेरिंग आवडलं न्हव्हतं," मंगलताई कुणी न विचारताच म्हणाल्या. "चालती वस्तू काढून दुसरी कामून बसवायची, हेच मला कळंना. पण मला काढायचं असतं तर मी त्यांच्या तोंडावर सांगून काढलं असतं. चोरून करायचा माझा स्वभाव न्हाई."

"तुम्ही ही गाडी कधी चालवली?"

"कधीच न्हाई. माझी हाय की दुसरी. रोज सकाळी तीच घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात जातो, परत येस्तोवर संध्याकाळ. ही नुसती कापडाखाली झोपून असती. गेअर न्हाई, क्लच न्हाई, दोनच माणसं बसणार. काय करायची?"

"दुसरी किल्ली?"

मंगलताईंनी फडताळाशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. शेडची आणि गाडीची, दोन्ही किल्ल्या तिथे लटकत होत्या.

"दिवसा घरात कोण असतं?"

"अप्पा आणि आई. दोघंच."

विजयश्रीने मान डोलावली आणि मंगलताई दुधाकडे वळल्यावर हळूच मला म्हणाली, "बाहेरून कुणी आलंच न्हाई, अहो. गाडी घरातल्याच माणसानं बाहेर नेली होती."

४

ओट्यावर डॉक्टरांचे वडील बसले होते. नरसिंगअप्पा. औराद-कलबुर्गी गाडीवर सगळी नोकरी काढलेले एसटीचे ड्रायव्हर, आता निवृत्त. बसल्या जागीही उंची कळावी असा माणूस. पाय लांब सोडून ते पेपर वाचत होते. त्यांच्याशेजारी पार्वतीबाई खुर्चीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळ मोठं, केस घट्ट बांधलेले. आम्हाला बघून त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि आमच्यासाठी ताटल्यांत सुशीला घेऊन आल्या. फोडणीच्या मुरमुऱ्यांवर भरपूर दाण्याचं कूट होतं.

"बसा आई, गुडघे दुखायलेत ना?" विजयश्री म्हणाली.

"पहिल्यापेक्षा बरं हाय," पार्वतीबाई म्हणाल्या आणि लेकाकडे बघून गप्प झाल्या.

"रोज चालायला सांगितलंय मी," डॉक्टर म्हणाले. "आणि तेलं लावणं बंद करायला लावलंय. तेलानं हाड सुधारत न्हाई."

पार्वतीबाईंनी पदराखाली हात घेतले.

विजयश्री नरसिंगअप्पांकडे वळली. "अप्पा, एवढी वर्षं तुम्ही स्टेरिंग हातात धरलं. तुम्हाला काय वाटतं, कोण नेलं असंल?"

"कुणाला ठावं," ते पेपरवरची नजर न काढता म्हणाले. "माझ्या येळची स्टेरिंगं बैलगाडीच्या चाकाएवढी. ह्येचं काय, पोराच्या खेळण्यावाणी. ह्याला न्हेऊन कोण काय करणार?"

"आज संध्याकाळी डॉक्टर पोलिसात जायलेत."

पेपर खाली आला. अप्पांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पोलीस कामून? उद्या संध्याकाळपतोर थांब की."

"उद्या काय होणार हाय, अप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

"चोराला बुद्धी व्हईल. आणून ठिवंल."

डॉक्टर हसले. विजयश्री हसली नाही. डोक्यावरून पुन्हा शिकाऊ विमान गेलं, तिरकं होत होत. पार्वतीबाईंनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"कसं वळवतेत बगा," त्या म्हणाल्या. "मला तर वाटतं ते वर बसलेलं लेकरू घामानं भिजलं असंल."

अप्पांनी घाईने विचारलं, "चहा टाकती का अजून?"

५

मंजुनाथचं दुकान उघडंच होतं. तो एका जीपखाली पाठीवर पडून काम करत होता. विजयश्रीचा आवाज ऐकून बाहेर सरकला. पोट सुटलेला, तोंडभर हसणारा माणूस. त्याच्याकडे बघताच माझ्या लक्षात आलं की पुढे ओढलेल्या त्या सीटवर हा बसूच शकला नसता.

"अक्का, तुम्ही इकडं कसं? बसा, बसा."

"डॉक्टरांचं नवं स्टेरिंग चोरीला गेलंय."

त्याचं हसू मावळलं. "डॉक्टर अण्णा आले का? ते तर उद्या येणार होते."

विजयश्रीने माझ्याकडे पाहिलं. मग ती त्याला म्हणाली, "आज सकाळीच आले. तू त्यांचं जुनं स्टेरिंग ठेवून घेतलं होतंस. दाखव."

मंजुनाथ हात पुसत राहिला. फळीवर पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं होतं. ती स्वतःच उठली आणि तिने ते उघडलं. रिकामं होतं.

"मी चोरी केली नाही, अक्का."

"ते मला ठावं हाय. मला एवढंच सांग, नवं कुठं हाय?"

त्याने मान खाली घातली. तो पान्याच्या टोकाने जमिनीवरची ग्रीस खरवडू लागला.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," तो म्हणाला.

तेच वाक्य. तासाभरापूर्वी उदगीर रोडच्या ओट्यावर ऐकलेलं.

"मंजुनाथ, डॉक्टर आज तुझं नाव द्यायलेत पोलिसात. उद्या ते सगळं निस्तरलं तरी बिदरभर व्हायचं ते होऊन जाईल. इथं किल्ली ठेवून कोण जाईल मग?"

त्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "मी शब्द दिलाय, अक्का. वडीलधाऱ्या माणसाला दिलाय. त्यांना कळलं माझं नाव येणार आहे, तर ते स्वतःच बोलतील. मी कशाला बोलू?"

"त्यांना कळलेलं न्हाई अजून."

"मग तुम्ही सांगा त्यांना. मी फोन नाही करणार. त्यांना वाटेल, मी घाबरून त्यांना पुढं ढकलतोय."

आम्ही गाडीत बसलो. मी म्हणालो, "एवढा हट्ट कशासाठी? अप्पांनी काढलं असंल तर सरळ सांगून टाकावं."

"अप्पांनी?" विजयश्री म्हणाली. "अप्पा त्या सीटवर बसले असते तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले असते, अहो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डॉक्टर होते. ओळखीचे इन्स्पेक्टर आत्ताच ठाण्यात भेटतील म्हणाले होते, पुन्हा हाती लागतील की नाही ठाऊक नाही. ते कपडे करून निघालेच होते.

"गाडी दाबा," विजयश्री मला म्हणाली.

६

फाटकातच आमची गाडी आडवी लागली, त्यामुळे डॉक्टरांना थांबावंच लागलं. विजयश्री त्यांना ओट्यावर घेऊन आली. आवाज ऐकून मंगलताई बाहेर आल्या. अप्पा आणि पार्वतीबाई तिथेच होते.

"मी सांगते ते आधी ऐका," विजयश्री म्हणाली. "मग जायचं असंल तर मी स्वतः सोबत येते."

ती ओट्याच्या कडेला बसली. शाळेत मी पोरांना गणित शिकवलं असतं तर असंच शिकवलं असतं.

"माझं डोकं सकाळपासून एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. चोरानं जुनं स्टेरिंग परत कामून बसवलं? चोराला काय पडलंय? नवं काढायचं आणि पळायचं. तरी त्यानं जुनं बसवलं, याचा एकच अर्थ निघतो. त्याला गाडी चालवायची होती. स्टेरिंगबिगर गाडी हलत न्हाई. म्हणजे नवं स्टेरिंग या शेडमध्ये निघालंच न्हाई. गाडी दुसरीकडं होती, आणि तिथून तिला घरी आणायचं होतं."

डॉक्टरांनी हातातली किल्ली फिरवायची थांबवली.

"दुसरीकडं म्हणजे कुठं? जिथं तुमचं जुनं स्टेरिंग ठेवलेलं होतं तिथं. मंजुनाथच्या दुकानात. बॅटरी सोडवून, रीतसर, त्यानंच ते काढलं. पण गाडी त्याच्याकडं त्यानं नेली न्हाई. शटर फोडलेलं न्हाई, किल्ली खिळ्याला हाय. गाडी या घरातून गेली. आणि जाताना आत दोन माणसं होती."

"दोन?" मंगलताईंनी विचारलं.

"एक सीट पार पुढं, दुसरी पार मागं. चालवणारं माणूस ठेंगणं, शेजारी बसलेलं उंच. रोज ते उठताना सीट आधीसारखी करून ठेवत असतील, या वेळी गडबडीत राहिलं. या घरात उंच माणसं दोन. डॉक्टर परगावी होते. राहिले अप्पा."

अप्पांनी पेपरची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली.

"आणि ठेंगणी मीच," मंगलताई म्हणाल्या.

"तुम्हाला गाडी येती, ताई. तुमच्याशेजारी अप्पा कशाला बसतील? मागच्या काचेवर चिकटपट्टीचा ताजा डाग हाय. तिथं कागद लावायचा आणि घरी आल्यावर काढून टाकायचा. शिकणाऱ्याच्या गाडीला लाल अक्षराचा कागद असतो ना, तो. शेजारी बसलेला माणूस शिकवत होता आणि चालवणारं माणूस शिकत होतं. गाडी बी तशीच निवडलेली. क्लच न्हाई, डाव्या गुडघ्याला ताण न्हाई." ती थांबली. "आणि गाडीत तेलाचा वास येतो, डॉक्टर. तुमच्या पेशंटांचा न्हाई तो."

डॉक्टर सावकाश आईकडे वळले.

पार्वतीबाई पदराशी चाळा करत होत्या. अप्पाच पुढे झाले. "काय वास अन्‌ काय न्हाई. उद्या स्टेरिंग येतंय हैदराबादहून. आपल्या डेपोच्या गाडीतून येतंय, कंडक्टरच्या हवाली हाय. मग झालं की."

"अप्पा," विजयश्री हळू म्हणाली, "डॉक्टर आत्ता चोर म्हणून मंजुनाथचं नाव द्यायला निघालेत. तो मला एक शब्द बोलला न्हाई."

पार्वतीबाई उठल्या. या वेळी त्यांनी खुर्चीच्या हातांचा आधार घेतला नाही.

"त्या लेकराचं नाव घेऊ नकोस, राजू," त्या म्हणाल्या. "मी खराब केलं तुझं स्टेरिंग."

७

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच.

त्यांची बहीण कमठाण्याला एकटी राहते. तिच्याकडे जायचं म्हटलं की पार्वतीबाईंना कुणाला तरी विचारावं लागे. मुलगा दवाखान्यात, सून दवाखान्यात, आणि अप्पांना औरादच्या मित्रांचा नाद. "जन्मभर ह्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून मी रस्ता बघितला," त्या म्हणाल्या. "एकदा ह्यांना म्हणलं, मला शिकवा. हे हसले न्हाईत. म्हणून शिकले."

अप्पांनी रीतीप्रमाणे शिकाऊ लायसन काढून आणलं. तुम्ही दोघं कामाला गेलात की आम्ही निघायचो, कमठाण्याच्या रस्त्यानं जायचो, वळून यायचो, असं त्या सांगत होत्या. राजूला सांगितलं तर तो गुडघ्याचं कारण काढून बंद करेल, म्हणून त्यांनी अप्पांकडून शब्द घेतला होता. पक्कं लायसन हातात आल्यावर त्या स्वतः गाडी चालवत दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या राहणार होत्या.

"शुक्रवारी हे म्हणले, आज नवं स्टेरिंग हाय, राहू दे. मी म्हणलं, आज सोडलं तर उद्या भ्या वाटंल. सकाळी गुडघ्याला तेल लावलं होतं. हात धुतले होते की. तरी कमठाण्यापतोर जाऊस्तोर बघते तर काय, दोन्हीकडं माझ्या पंज्यांचे पिवळे डाग. पदरानं पुसायला गेले तर अजून पसरले."

"काळ्यावर दिसत न्हव्हते," अप्पा म्हणाले.

ते तसेच मंजुनाथच्या दुकानी गेले. त्याने सांगितलं, हे कातडं इथं साफ व्हायचं नाही, हैदराबादेत एक माणूस करतो. सोमवारी दुपारी परत येईल, डॉक्टर यायच्या आत मी बसवून देतो. तोवर गाडी घरी न्यायला जुनं स्टेरिंग घातलं.

"आणि घरी कोण चालवत आणली?" डॉक्टरांनी प्रथमच तोंड उघडलं.

"तीच," अप्पा म्हणाले. "रडायलती. म्हणलं, आता तूच ने. आज उठलीस तर परत बसायची न्हाईस."

 मंगलताई सासूजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांचा हात धरला. "मला तरी सांगायचं, आई. माझी गाडी दिली असती," त्या म्हणाल्या.

"तुझ्या गाडीला क्लच हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आईला खुर्चीत बसवून, समोर खाली बसून त्यांनी तिचे दोन्ही गुडघे हाताने चाचपून पाहिले, दवाखान्यात बघतात तसे. "वाकव. दुखतंय? बरं. इकडून?" पाय जमिनीवर टेकवून ते म्हणाले, "सूज कमी हाय. हे चालण्यानं झालंय, तेलानं न्हाई."

"बरं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही.

इन्स्पेक्टरांना फोन करून डॉक्टरांनी स्टेरिंग सापडल्याचं कळवलं. मग किल्ली हातात तशीच फिरवत उभे राहिले. "मंजुनाथकडं जायला पाहिजे," ते म्हणाले. "त्याला माहीत झालंय ना, मी काय करायला निघालो होतो?"

"झालंय," विजयश्री म्हणाली.

"मग आत्ताच जातो. त्याच्या तोंडावर सांगतो, माझं चुकलं म्हणून." त्यांनी किल्ली आईपुढे धरली. "तू ने मला."

पार्वतीबाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी घरातून कागद आणला आणि मागच्या काचेवर नीट दाबून चिकटवला. डॉक्टर डाव्या बाजूला बसले. गाडी शेडमधून हळूच, सरळ बाहेर आली आणि फाटकातून उजवीकडे वळली.

अप्पा आमच्या गाडीत पुढे, माझ्याशेजारी बसले. विजयश्री मागे. ती आता अगदी निवांत होती, तिने मंगलताईंनी बांधून दिलेला चिवडा उघडला. मी निळ्या गाडीच्या मागे अंतर राखून चाललो होतो.

 अप्पांचा उजवा पाय आमच्या गाडीच्या तळाशी सारखा दाबला जात होता, तिथे ब्रेक नसताना. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी खिडकीची कड धरली. निळी गाडी डावीकडे सरकली, थांबली, ट्रॅक्टर गेला, पुन्हा निघाली.

"आजवर मी शेजारी होतो," ते म्हणाले. "मागून कधी बघितलंच न्हाई तिला."

पुढे गतिरोधक होता. निळ्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले, चाकं एकेक करून वर चढली आणि खाली उतरली. धक्का असा बसलाच नाही.

"हळू केली," नरसिंगअप्पा मला म्हणाले. "बघितलं का सर? किती हळू केली."